आयर्लंडचें जीवनजल

ज्या घरांत दारू हा शब्द मोठ्यानें उच्चारण्याची चोरी होती, परंतु फडताळाच्या वरच्या कप्प्यांत द्राक्षासवाची बाटली मात्र नेमानें असे, अशा घरांत प्रस्तुत लेखकाचें बालपण गेलें. रात्रीं जेवणानंतर आजोबा दोन चमचे आसव पाण्यांत मिसळून घेत, आणि तें औषध आहे याविषयीं घरांत कोणासही शंका नसे. पुढें इतिहासाचें अध्यापन करूं लागल्यावर असें आढळून आलें कीं, युरोपांतील कित्येक मद्यांचा इतिहासही अशाच एका औषधाच्या फडताळापासून सुरू होतो. तेव्हां आयर्लंडच्या व्हिस्कीसारख्या विषयावर या पृष्ठांत लिहिण्याचें धाडस केल्याबद्दल सोंवळ्या वाचकांनीं क्षमा करावी. पेला हातीं धरण्याचा आग्रह कोणासही नाहीं. त्या पेल्यांत एका राष्ट्राचा इतिहास कसा उतरला आहे, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं अभ्यासाच्या निमित्तानें डब्लिन शहरीं राहण्याचा योग आला होता. तेथील एका वयोवृद्ध स्नेह्यांनीं (तेही इतिहासाचेच अध्यापक) एका संध्याकाळीं घरीं बोलाविलें, आणि भोजन आटोपल्यावर मेजावर चार लहान पेले मांडले. एकाही पेल्यांत बोटभर व्हिस्की नव्हती. बाजूस साध्या पाण्याचें भांडें मात्र भरपूर होतें. चारही पेले सावकाश हुंगावयास व चाखावयास सांगून ते म्हणाले, "या चारही आमच्याच. तुम्ही इतिहास शिकवितां. तर मग यांतली खरी आयरिश कोणती, तें सांगा पाहूं."

पहिल्या पेल्यांत उत्तरेकडील बुशमिल्स येथील माल्ट व्हिस्की होती. ती फिकट मधाच्या रंगाची; वास सफरचंदाचा व ताज्या बिस्किटाचा; जिभेवर हलकी, स्वच्छ आणि लवकर निघून जाणारी. दुसऱ्यांत रेडब्रेस्ट नांवाची बारा वर्षें मुरलेली पॉट स्टिल व्हिस्की. तिचा रंग तांबूस. वासांत मनुका, सुंठ व लवंग यांची आठवण करून देणारें कांहीं तरी. आणि जिभेवर एक प्रकारचा स्निग्ध, तेलकट म्हणावा असा जाडपणा, जो इतर तिहींत नव्हता. घोट गिळून झाल्यावरही ती बराच वेळ तोंडांत रेंगाळत होती. तिसऱ्यांत मक्यापासून काढलेली ग्रेन व्हिस्की: गोडसर, व्हॅनिलाच्या वासाची, निरुपद्रवी. तिच्याविषयीं वाईट बोलण्यासारखें कांहीं नव्हतें आणि फारसें बोलण्यासारखेंही नव्हतें. चौथ्यांत जगप्रसिद्ध जेमसन. ती दुसऱ्या व तिसऱ्या जातीच्या मिश्रणानें झालेली, आणि म्हणूनच दोहोंचें थोडथोडें स्मरण देणारी, कोणासही न खुपणारी.

रसनेचा कौल विचारला असता तर दुसऱ्या पेल्याकडे बोट दाखवून मोकळें होतां आलें असतें. पण 'आवडती कोणती' असा प्रश्न नव्हता. 'खरी कोणती' असा होता. त्या रात्रीं उत्तर देतां आलें नाहीं. परत आल्यावर मिळेल तें वाचीत गेलों, आणि जसजसें वाचीत गेलों तसतसा तो प्रश्न वाटला होता त्याहून पुष्कळच अवघड असल्याचें दिसून आलें.

व्हिस्की हा शब्द गेलिक भाषेंतील. 'इश्के बाहा' म्हणजे जीवनाचें पाणी. लॅटिन 'आक्वा विटाय' या शब्दाचें तें शब्दशः भाषांतर होय. ऊर्ध्वपातनाची कला मध्ययुगांत मठवासी साधूंनीं व वैद्यांनीं पश्चिम युरोपभर नेली, आणि या अर्काची प्रथम ख्याती झाली ती औषध म्हणून. आयर्लंडांतील त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्राचीन उल्लेख मात्र आरोग्याचा नसून मरणाचा आहे. क्लॉनमॅकनॉइसच्या बखरींत 1405 सालीं रिचर्ड मॅकरॅनल नांवाचा एक सरदार नाताळच्या दिवसांत जीवनजलाचें अतिसेवन करून मरण पावल्याची नोंद आहे. आणि त्याच्यापुरतें तें जीवनजल नव्हे तर मृत्युजल ठरलें, अशी कोटीही बखरकारानें केलेली आहे. ही बखर आज आपल्यापर्यंत आली आहे ती 1627 सालच्या इंग्रजी भाषांतराच्या रूपानें, हें विसरतां कामा नये. स्कॉटलंडच्या राजदप्तरांतील तत्सम नोंद 1494 सालची असल्यामुळें, 'आम्हीच थोरले' असें म्हणण्यास आयरिश माणसाला हा सरदार मोठा उपयोगी पडतो.

परंतु त्या सरदारानें जें प्राशन केलें तें वरील चार पेल्यांपैकीं एकाशीं तरी जुळलें असतें काय? मुळींच नाहीं. त्या काळचा अर्क पिंपांत वर्षानुवर्षें मुरविण्याची रीत नव्हती. तो ताजाच घेत, आणि त्यांत पुष्कळदां वनस्पति व मसाले घालीत. नांव तेंच, वस्तु निराळी. बुशमिल्सच्या बाटलीवर 1608 हें साल मोठ्या अभिमानानें छापलेलें असतें. त्या सालीं राजा पहिला जेम्स यानें सर टॉमस फिलिप्स यास त्या मुलखांत मद्य गाळण्याचा परवाना दिला, हें खरें. पण बुशमिल्सची कंपनी म्हणून नोंद झाली ती 1784 मध्यें. बाटलीवरच्या कागदानें वंशावळ लांबविण्याची हौस आपल्याकडील कांहीं घराण्यांस असते, तशीच ही समजावी.

मग ती दुसऱ्या पेल्यांतील जाड, मसालेदार चव आली कोठून? तिचा शोध घेऊं लागलें कीं शेतकरी मागें पडतो आणि अबकारी अंमलदार पुढें येतो. आयर्लंडांतील मद्यावर गॅलनमागें 4 पेन्स कर बसला तो 1661 च्या नाताळच्या दिवशीं. पहिलीं शंभर वर्षें त्याची वसुली ढिलीच होती. 1779 मध्यें सरकारनें निराळीच युक्ति योजिली. प्रत्यक्ष किती मद्य निघालें तें न मोजतां, भट्टींतील पात्राच्या आकारावरून इतक्या दिवसांत इतकें निघालेंच पाहिजे असें गृहीत धरून कर घ्यावयाचा. याचा परिणाम काय होणार तें उघड आहे. गृहीत धरलेल्याहून अधिक काढल्याशिवाय नफा नाहीं, म्हणून पात्रें रात्रंदिवस धडाडूं लागलीं. मालाची प्रत घसरली. आणि ज्यांस ही शर्यत झेपेना त्या लहान भट्ट्यांनीं एक तर आग विझविली, नाहीं तर ती डोंगरांत नेली. 1779 मध्यें नोंदलेल्या भट्ट्या 1,200 हून अधिक होत्या. 1821 मध्यें त्या अवघ्या 32 उरल्या.

डोंगरांत गेलेल्या मद्यास 'पोतीन', म्हणजे लहान भांड्याची, असें नांव आहे. आपल्याकडील 'हातभट्टी' हा शब्द त्याच अर्थाचा व त्याच परिस्थितींतून आलेला आहे. सरकारशिक्क्याच्या मालास लोक 'पार्लमेंटची व्हिस्की' म्हणून नाक मुरडीत, आणि डोंगरांतील बेकायदा माल हाच पुष्कळ ठिकाणीं चांगला समजला जाई. चोरटी भट्टी सांपडली परंतु भट्टीवाला सांपडला नाहीं, तर सबंध गांवावर दंड बसविण्याचीही तरतूद होती. मुंबई इलाख्यांत 1878 च्या अबकारी कायद्यानें गांवोगांवच्या भट्ट्यांच्या जागीं मक्त्याच्या मोठ्या भट्ट्या आल्या, आणि 1892 च्या एका कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध बसले. तेव्हां तेथील आदिवासींस जो अनुभव आला, तो डोनेगलच्या शेतकऱ्यास शंभर वर्षें आधींच येऊन चुकला होता.

आतां चवीकडे वळूं. सातू भिजवून त्यांस मोड आणतात व मग उष्णतेनें वाळवितात. यालाच माल्ट म्हणतात. मोड येतांना दाण्यांत असा एक पाचक पदार्थ उत्पन्न होतो कीं, त्याच्या योगानें पिठांतील सत्त्वाची साखर बनते. साखर आंबली कीं तिचें मद्य होतें. हा पाचक पदार्थ स्वतःच्या दाण्यापुरताच नसतो. शेजारच्या मोड न आलेल्या धान्याचें सत्त्वही तो पचवूं शकतो. 1785 मध्यें माल्टवर कर बसला. तेव्हां सर्वच सातूंस मोड आणून सर्वांवर कर भरण्यापेक्षां, कांहींस मोड आणून बाकीचे कच्चेच दळून मिसळणें स्वस्त पडूं लागलें. कच्चें धान्य मिसळण्याची चाल पूर्वींही अगदींच नव्हती असें नाहीं. पण तिचें सार्वत्रिक रीतींत रूपांतर होण्यास हा कर कारणीभूत झाला, असें मानण्यास चांगला आधार आहे. कच्च्या सातूमुळें मद्यास तो स्निग्धपणा व तो मसालेदार झोंक येतो. म्हणजे कर चुकविण्यासाठीं केलेली काटकसर जिभेला आवडली, आणि माल्टवरील कर 1880 मध्यें रद्द झाल्यावरही ती तशीच चालू राहिली. आज जिला आयर्लंडची अस्सल, शुद्ध, परंपरागत चव म्हणून गौरविण्यांत येतें, तिच्या जन्मपत्रिकेंत अबकारी खात्याचा ग्रह असा ठळकपणें बसलेला आहे.

1823 च्या कायद्यानें कर उतरला, आणि तो गृहीत धरलेल्या मालावर न घेतां निघालेल्या मालावर घेण्यांत येऊं लागला. भट्ट्या पुन्हां वाढल्या. 1835 मध्यें त्यांची संख्या 93 झाली. डब्लिनच्या वैभवाचा काळ तो हा. जॉन जेमसन, विल्यम जेमसन, जॉन पॉवर व जॉर्ज रो हीं चार घराणीं म्हणजे जणूं त्या शहराचे चार खांब होते. टॉमस स्ट्रीटवरील रो यांची भट्टी 17 एकरांवर पसरलेली असून तिच्यांतून वर्षाला 20 लक्ष गॅलनपर्यंत मद्य निघूं शके. याच घराण्यांतील हेन्री रो यानें 1871 ते 1878 या काळांत क्राइस्ट चर्च या प्राचीन मंदिराच्या जीर्णोद्धारासाठीं दोन लक्ष पौंडांहून अधिक रक्कम खर्च केली. तांब्याच्या प्रचंड पात्रांत तीन वेळां ऊर्ध्वपातन करावयाचें, आणि मग पिंपांत मुरत ठेवावयाचें, ही डब्लिनची पद्धति. शहरांतील द्राक्षमद्याचे व्यापारी स्पेनमधून आलेल्या शेरीचीं रिकामीं पिंपें या भट्ट्यांकडे भरून घेण्यास पाठवीत. दुसऱ्या पेल्यांतील मनुकांचा वास हा त्या व्यापाराचा वारसा.

या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 18 जून 1875 च्या रात्रीं डब्लिनच्या लिबर्टीज भागांत एका वखारीस आग लागली आणि मुरत ठेवलेलीं हजारों पिंपें फुटून जळत्या व्हिस्कीचा ओघ गटारांतून वाहूं लागला. अग्निशामक दलाचा नायक कॅप्टन इन्ग्रॅम यानें पाण्याचा उपयोग होत नाहीं असें पाहून वाळू व घोड्यांच्या तबेल्यांतील लीद यांचे बांध घालविले व आग आटोक्यांत आणली. आगींत भाजून कोणीही मेलें नाहीं. पण 13 माणसें मेलीं. तीं सर्व रस्त्यावर वाहणारें मद्य टोप्यांत, भांड्यांत, ओंजळींत भरून प्यालेलीं होतीं. 1405 च्या बखरकाराची कोटी इतक्या भयंकर रीतीनें खरी होईल, असें कोणास वाटलें असतें?

आतां तिसऱ्या पेल्याची कथा. ईनियस कॉफी हा अबकारी अंमलदार. 1810 मध्यें डोनेगल प्रांतांत चोरट्या भट्ट्यांवर छापा घालीत असतां जमावानें त्याला इतकें मारलें कीं, डोकें फुटून व संगिनीचे वार लागून तो मरतां मरतां वांचला. पुढें तो आयर्लंडच्या अबकारी खात्याचा मुख्य तपासनीस झाला. 1824 मध्यें त्यानें नोकरी सोडली, आणि 1830 मध्यें एका नव्या यंत्राचें पेटंट घेतलें. पॉट स्टिल म्हणजे अखेर एक मोठी हंडीच. ती भरावी, तापवावी, रिकामी करावी, पुन्हां भरावी. कॉफीच्या यंत्रांत दोन उंच स्तंभ असत. एकांतून आंबवण खालीं उतरे, खालून वाफ वर चढे, आणि अखंड धारेनें अतिशय तीव्र व जवळजवळ निर्वास मद्य बाहेर पडे. इंधन थोडें, माणसें थोडीं, माल अफाट. आणि मका, गहू, जें स्वस्त असेल तें धान्य चाले.

हें यंत्र आयर्लंडच्या माणसानें आयर्लंडांत सिद्ध केलें, आणि डब्लिनच्या चार घराण्यांनीं तें नाकारलें. त्यांतून निघालेल्या मद्यास ते 'मुकें मद्य' म्हणत. कारण तें आपण कोठून आलों, कशापासून झालों, हें सांगतच नाहीं. स्कॉटलंडनें मात्र तें उचललें. 1860 च्या कायद्यानें वखारींतच मिश्रण करण्याची मोकळीक मिळाल्यावर, थोडी तीव्र चवीची माल्ट व पुष्कळशी मुकी ग्रेन मिसळून स्वस्त, हलकी व सदा एकसारखी लागणारी स्कॉच तयार होऊं लागली. त्याच सुमारास फ्रान्समधील द्राक्षमळ्यांस फायलोक्झेरा नांवाच्या किडीनें ग्रासलें. ब्रँडी दुर्मिळ झाली, आणि तिची जागा या स्कॉचनें घेतली.

1878 मध्यें त्या चार घराण्यांनीं मिळून 'ट्रूथ्स अबाउट व्हिस्की' या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. यंत्रांतून निघालेलें मद्य ही व्हिस्कीच नव्हे, आणि तें मिसळून विकणें ही भेसळ आहे, असा त्यांचा दावा होता. वाद पुढें कोर्टांत गेला. 1905 मध्यें लंडनच्या इझलिंग्टन भागांत यंत्राचें मद्य व्हिस्की म्हणून विकल्याबद्दल दुकानदारांवर खटले भरण्यांत आले. आणि अखेर 'व्हिस्की म्हणजे काय' हें ठरविण्यासाठीं एक रॉयल कमिशन नेमावें लागलें. 1909 मध्यें कमिशननें निकाल दिला कीं, माल्टच्या साह्यानें धान्यापासून काढलेलें मद्य तें व्हिस्की, मग पात्र कोणतेंही असो. डब्लिनकर हरले. हा प्रश्न जुना झाला असें मात्र समजूं नये. आपल्या देशांत व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या मालापैकीं पुष्कळ मोठा भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्याचा असतो, आणि युरोपांतील कायद्यानें त्यास व्हिस्की हें नांव लावतां येत नाहीं. नांव कोणीं कोणास द्यावें, हा तंटा आतां आपल्या दारीं आलेला आहे.

येथवरची हकीकत ऐकून विद्यार्थी एक तात्पर्य चटकन् काढतात, आणि तें आम्हीं शिक्षकांनींच त्यांस शिकविलेलें असतें: काळाबरोबर जो बदलत नाहीं तो बुडतो. डब्लिनच्या गर्विष्ठांनीं यंत्र नाकारलें आणि ते बुडाले. पुष्कळ पुस्तकांतून ही गोष्ट अशीच सांगितलेली असते. प्रस्तुत लेखकानेंही ती वर्गांत अशीच सांगितलेली आहे, हें येथें कबूल केलें पाहिजे. पण ती खरी आहे काय?

पहिली गोष्ट ही कीं, सर्व आयर्लंडनें यंत्र नाकारलें नव्हतें. उत्तरेस बेल्फास्ट व डेरी येथें कॉफीचीं यंत्रें मोठ्या प्रमाणावर चालत होतीं. डेरींतील वॉट यांची भट्टी त्या जातीच्या मोठ्या भट्ट्यांपैकीं एक होती. या बदललेल्या लोकांचें काय झालें? 1920 नंतरच्या दशकांत त्यांतील कित्येक भट्ट्या स्कॉटलंडच्या बलाढ्य कंपनीनें विकत घेऊन बंद केल्या. बेल्फास्टच्या डनव्हिलनें 1936 मध्यें आपण होऊनच कारभार आटोपला. म्हणजे जुन्यास चिकटलेले बुडाले, आणि नव्यास कवटाळणारेही बुडाले. मग कारण अन्यत्र शोधावयास हवें.

तीं कारणें पुष्कळ आहेत. 1838 मध्यें कॉर्क शहरीं फादर मॅथ्यू यांनीं मद्यत्यागाची चळवळ आरंभिली, आणि थोड्याच वर्षांत देशांतील मद्याचा खप निम्म्यावर आला. 1845 नंतरच्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष लोक मेले व तितकेच देशांतर करून गेले. घरची बाजारपेठ कायमची आटली. 1919 ते 1921 पर्यंत स्वातंत्र्ययुद्ध, त्यामागून यादवी. 1920 पासून 1933 पर्यंत अमेरिकेंत दारूबंदी. 1932 पासून 1938 पर्यंत इंग्लंडशीं व्यापारी कलह. शिवाय नव्या स्वतंत्र सरकारनें 1926 मध्यें मद्य मुरविण्याची किमान मुदत तिहींवरून पांच वर्षांवर नेली. चांगल्या हेतूनें केलेला हा नियम. पण ज्याच्या हातीं पैसा नाहीं त्याला माल पांच वर्षें कोठारांत अडकवून ठेवावयास लावणें म्हणजे बुडत्याच्या गळ्यांत दगड बांधणेंच होय. अमेरिकेचीं दारें पुन्हां उघडलीं तेव्हां विकावयास पुरेसा माल आयरिश लोकांजवळ नव्हता; स्कॉटलंडजवळ होता. इतक्या कारणांतून एका गर्वाचें कारण वेगळें काढून त्यालाच शिक्षा देणें इतिहासाच्या कोर्टांत टिकणारें नाहीं.

1966 मध्यें जेमसन, पॉवर व कॉर्क येथील कंपनी या तीन उरलेल्या शत्रूंनीं एकत्र येऊन आयरिश डिस्टिलर्स ही संस्था स्थापिली. 1972 मध्यें बुशमिल्सही तींत आलें. 1975 मध्यें कॉर्क परगण्यांतील मिडलटन येथें नवी भट्टी सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षीं डब्लिनमधील शेवटची भट्टी थंड झाली. एके काळीं ज्या देशांत हजाराहून अधिक भट्ट्या होत्या, त्या सबंध बेटावर आतां दोनच उरल्या: उत्तरेस बुशमिल्स, दक्षिणेस मिडलटन.

आणि याच पडत्या काळांत ती घटना घडली कीं जिच्यामुळें लेखकास आपलें वर्गांतील तात्पर्य बदलावें लागलें. जेमसनच्या वंशजांनीं जें मद्य मुकें म्हणून हिणविलें होतें, तेंच आतां जेमसनच्या बाटलींत घालण्यांत आलें. मिडलटनमध्यें दोन्ही प्रकारचीं यंत्रें एकाच छपराखालीं आलीं, आणि नवी मिश्र जेमसन जगभर विकली जाऊं लागली. केवळ पॉट स्टिलची अशी व्हिस्की बाजारांत एकदोन नांवांपुरतीच उरली होती. रेडब्रेस्ट तर 1980 नंतरच्या दशकांत कांहीं काळ नाहींशीच झाली आणि 1991 मध्यें पुन्हां आली. तरी तें जुनें मद्य गाळणें बंद पडलें नाहीं. कारण जेमसनमध्यें मिसळण्यासाठीं तें लागत असे. मिश्रणाची मागणी होती म्हणून तांब्याचीं पात्रें तापत राहिलीं, कारागिरांचे हात चालू राहिले, आणि पुढें गुणग्राहक लोक शोधीत आले तेव्हां त्यांना दाखविण्यासारखें कांहीं तरी कोठारांत शिल्लक होतें. चौथ्या पेल्यानें दुसऱ्यास जगविलें. दुसऱ्याच्या अस्तित्वावांचून चौथ्यास चव नव्हती, हेंही तितकेंच खरें.

पुढील हकीकत सुखाची आहे. 1987 मध्यें कूली येथें नवी भट्टी निघाली. 2010 मध्यें सबंध बेटावर चारच भट्ट्या होत्या. 2022 च्या सुमारास त्या चाळिसांच्या घरांत गेल्या. डब्लिनमध्यें 1976 मध्यें विझलेली आग 2015 मध्यें त्याच लिबर्टीज भागांत पुन्हां पेटली. कूलीनें पीटच्या धुराचा वास असलेली, दोनदांच गाळलेली कॉनेमारा ही व्हिस्की काढली, आणि 'आयरिश म्हणजे तीनदां गाळलेली व बिनधुराची' या ठोकळेबाज व्याख्येस धक्का दिला. इकडे कायदाही व्याख्या करावयास पुन्हां सरसावला. 2014 च्या नियमांप्रमाणें पॉट स्टिल व्हिस्कींत माल्ट निदान 30 टक्के, कच्चे सातू निदान 30 टक्के, आणि ओट, राय यांसारखें इतर धान्य फार तर 5 टक्के असावें. परंतु जुन्या भट्ट्यांच्या वह्या पाहूं जातां एकोणिसाव्या शतकांत ओटचें प्रमाण कित्येकदां याहून पुष्कळ अधिक असे. म्हणजे ज्या पूर्वजांच्या नांवें हा नियम झाला, त्या पूर्वजांचा माल या नियमांत बसला नसता! 1785 मध्यें कायद्यानें चव घडविली, 1909 मध्यें नांव ठरविलें, आणि एकविसाव्या शतकांत परंपराही कायदाच ठरवूं लागला.

इतका अभ्यास झाल्यावर लेखकानें डब्लिनच्या स्नेह्यांस सविस्तर पत्र लिहिलें. त्यांत म्हटलें कीं, तुमच्या प्रश्नाचें उत्तर दुसरा पेला हेंच. पण 'खरी' याचा अर्थ 'शुद्ध' असा घेऊं नये. ती इंग्रजांच्या करांतून जन्मली, स्पेनच्या पिंपांत रंगली, आणि ज्या यंत्राचा तिनें शंभर वर्षें द्वेष केला त्याच यंत्राच्या कमाईवर पडत्या काळांत जगली. इतकें सारें सोसून तिनें आपला तो जाड, रेंगाळणारा स्वभाव सोडला नाहीं, एवढाच तिचा खरेपणा. डब्लिनच्या त्या चार घराण्यांचें चवीविषयींचें मत बरोबर होतें. दुसऱ्याचें मद्य हें मद्यच नव्हे, हा त्यांचा आग्रह मात्र चूक होता. आपल्या वस्तूच्या गुणावर निष्ठा असणें निराळें आणि दुसऱ्याच्या वस्तूचें नांव हिरावून घेऊं पाहणें निराळें, हा भेद त्यांच्या लक्षांत आला नाहीं. विद्यार्थ्यांस यापुढें ही गोष्ट अशी सांगेन, असें आश्वासनही त्या पत्रांत दिलें.

म्हाताऱ्यांचें उत्तर लवकरच आलें. ते लिहितात, "उत्तर मान्य आहे, पण परीक्षा घेणाऱ्यानेंच एक चूक केली होती, ती तुमच्याही ध्यानांत आली नाहीं. मेजावर पांचवा पेला ठेवावयास हवा होता. पोतीन आमच्याकडे 1997 मध्यें कायदेशीर झाली. तत्पूर्वीं कित्येक पिढ्या आमच्या डोंगरांतील गरीब लोक जी प्याले, ती तीच. तिच्यावर कर नव्हता, म्हणून तिची नोंद नाहीं. आणि नोंद नाहीं, म्हणून आपण इतिहासकार तिला विसरतों."

पत्र वाचल्यावर ठाणें व कुलाब्याकडील मोहाच्या झाडांची आठवण झाली. तेथील भट्ट्यांचा इतिहासही आज आपणांस जो कळतो, तो बहुतेक सरकारच्या दंडांच्या व जप्त्यांच्या कागदांवरूनच कळतो. त्या मोहाच्या मद्याची चव कशी होती, तें गाळणाऱ्या बायाबापड्यांचें कसब काय होतें, याविषयीं त्या कागदांत एक अक्षरही नाहीं. आयर्लंडच्या पांचव्या पेल्याची चव घेण्यास आतां कायद्याची आडकाठी उरलेली नाहीं. आपल्याकडील त्या पेल्याची हकीकत मात्र अजून कोणी तरी, तो जाणणारे म्हातारे हयात आहेत तोंवर, लिहून ठेवावयाची आहे.